मी झाड साफ केलं

पराक्रम म्हणावा असं माझ्या हातून फारसं काही घडलेलं नाही. पण एका दुपारात साठ-सत्तर आजारी माणसांच्या वाटेला मी एकटा गेलोय, तेही हातमोजे घालून! आता हे कुठून सुरू करू? तुम्ही चहा घ्या आधी. बिस्किटं जरा थांबून खा, नाहीतर घशात अडकतील.

आम्ही राहतो आयर्लंडमध्ये, एनिसला. मी, बायको कल्याणी आणि उन्हाळ्यापुरती गावाहून आलेली माझी आई. खरं तर आम्ही निघालो होतो इजिप्तला. वाळवंटाच्या मधोमध सिवा नावाचं गाव आहे म्हणे. खजुराच्या बागा, गोड्या पाण्याचे झरे, मातीचा पडका किल्ला, डोंगरात कोरलेली थडगी, हजारो वर्षांपूर्वीचं देऊळ. कल्याणीने वर्षभर त्या गावाचे फोटो दाखवून माझं डोकं खाल्लं होतं. आईलासुद्धा तयार केलं होतं. आणि व्हिसाचे अर्ज भरायचं काम कोणाकडे होतं? माझ्याकडे. भरले की! निघायच्या नऊ दिवस आधी.

ट्रिप बोंबलली. कल्याणी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मार्ग काढला तो शेजारच्या ब्रीडाने.

ब्रीडा सत्तरीची आहे, एकटी राहते. आमच्या कुंपणापाशी उभी राहून आईशी तासन्‌तास गप्पा मारते. तिला मराठी येत नाही, आईला इंग्रजी येत नाही, आणि दोघींना एकमेकींच्या गुडघ्यांची खडान्‌खडा माहिती आहे! तर ती म्हणाली, "वाळवंट बघायला इजिप्तला कशाला जायचं, सुहास? बर्रेनला जा. ग्रँड आहे. वाळवंटच आहे ते, फक्त ओलं."

शनिवारी गेलो. आणि बाई खरं सांगत होती हो! मैलोन्‌मैल नुसता राखाडी कातळ. झाड नाही, झुडूप नाही. मग एका वळणावर मध्येच हिरवा तुकडा, त्यात छप्पर उडालेलं जुनं चर्च, दगडांनी बांधून काढलेली छोटीशी विहीर, आणि विहिरीवर वाऱ्याने वाकलेलं एकच झाड. कल्याणी हळूहळू विरघळायला लागली.

"झरा आहे, पडकं देऊळ आहे, झाड आहे," ती म्हणाली. "उंट तेवढा नाही."

एक गाय होती. आम्ही तिचा फोटो काढला.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी ते झाड जवळून पाहिलं.

आता माझा एक दोष आधीच सांगून टाकतो. पुण्यात कॉलेजात असल्यापासून मी गडसंवर्धनवाला. दर शनिवारी गडावर जायचं, पाण्याच्या टाक्यातला गाळ उपसायचा, तटावरची झुडपं काढायची, लोकांनी टाकलेलं प्लॅस्टिक पोत्यात भरून खाली आणायचं. लग्न झालं, देश बदलला, पोट सुटलं, पण खोड गेली नाही. गाडीच्या डिकीत आजही हातमोजे, छाटणीची कात्री आणि काळ्या पिशव्यांचं बंडल असतं.

आणि त्या झाडावर पानं कमी अन् चिंध्या जास्त! मोजे, रिबिनी, रुमाल, मळके स्कार्फ, एक मोडका चष्मा, दम्याचा पंप, केसांच्या क्लिपा. वर हॉस्पिटलात मनगटाला बांधतात त्या पट्ट्या, नावानिशी! माझं डोकंच सटकलं.

"बघ, बघ!" मी कल्याणीला म्हटलं. "एवढी सुंदर वास्तू, आणि लोक हॉस्पिटलचा कचरा इथे आणून लटकवतात! आपल्याकडे असतं तर सगळ्या जगाने नावं ठेवली असती."

आई विहिरीपाशी हात जोडून उभी होती. ती वळून म्हणाली, "आरं सुहास, ह्ये नवसाचं दिसतंय. हात नगं लावू."

"आई, हे आयर्लंड आहे. इथे नवस-बिवस नसतात. इथे लोक आजारी पडले की शिस्तीत हॉस्पिटलात जातात."

काय तो माझा आवाज! काय तो आत्मविश्वास! आठवलं की अजून कान गरम होतात.

दीड तास लागला. एकेक गाठ कापली. दोन पिशव्या गच्च भरल्या. झाड कसं लख्ख दिसायला लागलं! मी आधीचा आणि नंतरचा असे फोटो काढून पुण्याच्या गडवाल्यांना पाठवले, 'परदेशातही काम चालू आहे'. टाळ्यांवर टाळ्या आल्या. घरी येऊन पिशव्या मागच्या दाराशी ठेवल्या, कारण कचऱ्याची गाडी येते मंगळवारी. त्या दिवशी मला इतकी छान झोप लागली म्हणता!

रविवारी साडेअकराला ब्रीडा आली. दार न वाजवता हसत आत शिरणारी बाई, पण त्या दिवशी उंबऱ्यातच थांबली. डोळे लाल.

"कोणीतरी झाड ओरबाडलंय," ती म्हणाली.

"कुठलं झाड?" मी विचारलं. खरंच निरागसपणे विचारलं हो!

"बर्रेनमधलं. विहिरीवरचं. मी दर रविवारी चर्चमधली प्रार्थना झाली की तिथे जाते. उशीनचा मोजा आहे तिथे. दोन वर्षं झाली बांधून. आज गेले तर एक चिंधीसुद्धा नाही. चाकूने कापून नेलंय सगळं."

उशीन तिचा नातू. सहा वर्षांचा. त्याला बरं नसतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी टेबलाशी बसून तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. रक्ताचा आजार. डब्लिनच्या हॉस्पिटलात महिनोन्‌महिने. तिची मुलगी नोकरी सोडून तिथेच राहते. पोराच्या डोक्यावरचे केस दोनदा गेले, दोनदा आले. आता तिसऱ्यांदा गेलेत.

आता माणसाने काय करावं? पाय धरावेत. "मी केलं, ब्रीडा," म्हणावं. आणि मी काय केलं? मी टेबलावर हात आपटला.

"कोण हलकट असेल! अशा माणसाला चौकात उभं केलं पाहिजे!"

कल्याणीने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली. मला वाटलं, जोर कमी पडतोय.

"मनाची नाही तर जनाची तरी!" मी आणखी चढलो. "आजारी लेकराच्या वस्तू चोरतो म्हणजे काय माणूस आहे की कोण?"

"म्हणतात, जो ते काढून नेतो, त्याच्या अंगावर तो आजार जातो," ब्रीडा हळूच म्हणाली. "पण मला कोणाचं वाईट नको आहे, सुहास. मला फक्त मोजा हवाय." मग नाक पुसून तिने विचारलं, "तुम्ही काल जाणार होतात ना तिकडे? कोणी दिसलं का?"

"आम्ही? छे! गेलोच नाही. पाऊस होता ना."

आयर्लंडमध्ये हे कारण कधीही चालतं. ब्रीडाने मान हलवली, आईने पुढे केलेला चहा अर्धा प्यायली आणि गेली. ती बसली होती तिथून पिशव्या चार हातांवर होत्या.

दार लागल्याबरोबर आम्ही पिशव्या जमिनीवर उलट्या केल्या. म्हटलं, मोजा शोधायचा, गुपचूप जाऊन बांधून यायचा, विषय संपला. मोजे किती निघाले असतील? चौदा! त्यातले नऊ निळे-भगवे. कारण निळा-भगवा म्हणजे आमच्या क्लेअर परगण्याच्या टीमचे रंग, हर्लिंग नावाच्या इथल्या काठी-चेंडूच्या खेळातले, आणि अख्ख्या परगण्यातली पोरं पाळण्यात असल्यापासून तेच मोजे घालतात! आता यातला उशीनचा कुठला? ब्रीडाला विचारायची सोय नव्हती. विचारणार कसं? पंधरा मिनिटांपूर्वी मी त्या चोराला चौकात उभं करायला निघालो होतो.

"मग सगळंच परत बांधावं लागेल," कल्याणी म्हणाली. "एकूण एक."

तोवर माझा उजवा डोळा दुखायला लागला होता. मग पाठ. मग छातीत काहीतरी. साठ-सत्तर लोकांचे आजार म्हणजे थोडे झाले का? काहींची नावं तर पट्ट्यांवर छापलेली. पट्ट्या वाचत बसलो आणि घाम फुटला.

"माझ्या कानात शिट्टी वाजतेय," मी कल्याणीला म्हटलं.

"कुकरची आहे ती. ऊठ, गॅस बंद कर."

सोमवारी मला शॅननला ऑफिसात जाणं भाग होतं. नशीब एवढंच की ब्रीडा सकाळीच डब्लिनला गेली होती, नातवाकडे. मी आईला बजावलं, "या सामानाला हात लावू नकोस. मी उद्या रजा काढून बांधून येतो."

संध्याकाळी येऊन बघतो तर मागच्या अंगणात दोरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं झाड वाळत घातलेलं! रिबिनी, रुमाल, स्कार्फ, चौदा मोजे, चिमटे लावून. आई खुर्ची टाकून बसलेली, डोळ्यांवर चष्मा, हातात सुईदोरा.

"आई! हे काय?"

"आरं, द्येवाचं हाय ते. द्येवाला मळकं न्हेत्यात व्हय? दोन-दोन बारी धुतलं. वासाचं पाणी घातलं. फाटकं व्हतं त्ये शिवलं." तिने मान चोळली. "सकाळधरनं बसलीया. डोळं गेलं माजं."

आणि खरं सांगू का? मला भरून आलं. म्हटलं, पाप केलं मी आणि निस्तरतेय ही माउली. देवाला द्यायची वस्तू स्वच्छ असावी, धड असावी, हे आपल्याकडे पोरालाही कळतं. मी तिच्या पाया पडलो. दोरीवरचं सगळं गोळा केलं, घड्या घातल्या. मोजे तर इस्त्री केल्यासारखे दिसत होते.

मंगळवारी गेलो एकटाच. पाऊस भुरभुरत होता. बोटं गारठलेली, गाठी बसत नव्हत्या. दहा-बारा वस्तू बांधून झाल्या असतील, तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. टोपी घातलेला एक म्हातारा, सोबत कुत्रा. मायकल. त्याचं शेत लागूनच होतं आणि झाड ओरबाडल्यापासून तो रोज पहारा देत होता. म्हणजे माझ्याच वाटेवर डोळे लावून होता, कळलं ना?

त्याने माझ्या हातातल्या मोज्याकडे बघितलं. "कोणासाठी?"

"घरच्यांसाठी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आणि हा रुमाल?"

"मावशी."

"हा चष्मा?"

"मावशीचे मिस्टर."

"आणि हे मोजे?" पिशवीत डोकावून तो म्हणाला.

"पोरं," मी म्हटलं. "मोठं कुटुंब आहे आमचं."

म्हाताऱ्याने टोपी काढली. पावसात, टकलावर पाणी घेत, तो उभा राहिला. मग पिशवीतली एकेक वस्तू माझ्या हातात द्यायला लागला. शेवटची गाठ बसेपर्यंत थांबला. जाताना त्याने माझं नाव विचारलं, राहता कुठे विचारलं. इतका वेळ खोटं बोलत होतो, पत्ता मात्र अगदी घर नंबरासकट खरा सांगितला!

बुधवारी सकाळी बेल वाजली. एक अनोळखी बाई, हातात ॲपल टार्ट. "तुमच्या घरच्यांबद्दल कळलं." दुपारी दोन टार्ट आणि सँडविचचं ताट. संध्याकाळपर्यंत टपालाच्या फटीतून चर्चची अकरा कार्डं आत पडली होती, आमच्या आजारी माणसांसाठी प्रार्थना लावल्याची. कोणीतरी हॅम पाठवलं. आम्ही शाकाहारी, पण नको म्हणायला तोंड कुठे होतं? आई खूश होती. "लई मायेची माणसं हाईत," म्हणत तिने टार्ट कापला.

गुरुवारी ब्रीडा आली. आदल्या रात्रीच डब्लिनहून परतली होती. हातात सूपचं मोठं भांडं, झाकण फडक्याने बांधलेलं.

"मायकलने सांगितलं," ती म्हणाली. "तुझ्याकडे एवढी माणसं आजारी, एवढी लेकरं, आणि तू कधी शब्दाने बोलला नाहीस. आणि मी तुझ्यापुढे बसून एका मोज्यासाठी रडले. मला माफ कर, सुहास."

ती माझी माफी मागत होती! इथे मात्र मी संपलो. खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "ब्रीडा, आमच्याकडे कोणीही आजारी नाही. तो हलकट मी आहे."

आणि सगळं सांगितलं. कात्री, पिशव्या, पुण्याच्या टाळ्या, पाऊस, मावशीचे मिस्टर. भांडं तिच्या हातातच होतं. बराच वेळ धरून मग तिने ते ओट्यावर ठेवलं.

"सगळं परत बांधलंस?"

"सगळं."

"ग्रँड," ती म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "गाडी काढ."

आईही उठली. काय चाललंय ते तिला शब्दाशिवाय कळलं असावं. तिघं गेलो.

ब्रीडाने नऊ निळ्या-भगव्या मोज्यांतून नातवाचा मोजा असा काढला, जसा आपण आपल्या पोराला शाळेच्या गर्दीतून काढतो. नाकाशी नेला. वासाच्या पाण्याचा लव्हेंडरचा घमघमाट. मग तिने टाच उलटून बघितली आणि विहिरीच्या कठड्यावर मटकन बसली.

"हे कुजायला हवं असतं, सुहास," ती म्हणाली. "तुला कोणी सांगितलं नाही? ते ऊन-पावसात कुजत जातं, तसा आजार उतरत जातो. गेल्या महिन्यात टाचेला भोक पडलं होतं. पहिलंच. दोन वर्षांनी. मी उशीनला फोन करून सांगितलं. तेव्हापासून रोज विचारतो, आजी, आता केवढं झालं?"

मी टाचेकडे बघितलं. भोकाच्या जागी भगव्याच धाग्याचं उभं-आडवं, सुरेख, मशीनलाही जमणार नाही असं रफू.

मला रडू आलं. हो, आलं. त्यात लाजायचं काय? मी आईला मराठीत सांगितलं, जमेल तसं. आईने तोंडावर पदर धरला. मग ब्रीडाशेजारी कठड्यावर बसली, तिच्या हातातून मोजा घेतला, दाताने दोरा तोडला आणि एकेक टाका उसवायला लागली. भोक उघडलं, तसं तिने त्यातून बोट घालून ब्रीडाला दाखवलं. "हाय तेवढंच हाय बगा, बाई. याक धागा कमी न्हाई केला."

ब्रीडाने मान डोलावली. मग नाक ओढून मला म्हणाली, "तिला सांग, काम मात्र फार सुंदर होतं."

मग बाकीचं आठवलं. आईने एकट्या उशीनचाच मोजा थोडाच रफू केला होता! न जाणो कोणाकोणाची किती वर्षांची भोकं आम्ही बुजवली होती. दोन म्हाताऱ्या आणि मी, पावसात बसून संध्याकाळपर्यंत टाके उसवत होतो. वास घालवायला रुमाल चिखलात घोळत होतो. मायकल येऊन बघून गेला. त्याने काहीही विचारलं नाही, आणि कुत्र्यालाही थांबू दिलं नाही.

त्यानंतर ब्रीडा बहुतेक डब्लिनलाच असते. पोराची ट्रीटमेंट चालू आहे. डॉक्टर 'बघू' म्हणतात, आणि त्यांचा चेहरा बघून ब्रीडा पुढचं विचारत नाही. माझ्यावर एक काम सोपवलंय. दर शनिवारी विहिरीवर जायचं, भोक बघायचं आणि फोन करून उशीनला सांगायचं. आता गंमत बघा. मोजा नायलॉनचा! नायलॉन कुजायला किती काळ लागतो, आहे कल्पना? सहा शनिवार मी तिथे उभा राहून "आहे तेवढंच आहे," सांगितलं. सहा वेळा पलीकडून बारीक आवाज आला, "ओके."

सातव्या शनिवारी मी फोन केला. "उशीन, मोठं झालं रे! चांगलंच मोठं झालं!"

पलीकडे जो आरडाओरडा झाला म्हणता! पोरगं ओरडतंय, त्याची आई ओरडतेय, नर्स कोणाला तरी हाक मारतेय. मग फोन ब्रीडाकडे गेला. दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज. ती बाहेर कॉरिडॉरमध्ये आली असावी.

"सुहास," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. बोट घातलंस?"

आता हिच्याशी आणखी खोटं कुठल्या तोंडाने बोलणार?

"करंगळी," मी म्हटलं. "फक्त करंगळी घातली, ब्रीडा."

आतून पोराचं हसणं ऐकू येत होतं.

"पुढच्या शनिवारी अंगठा घाल," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.